पुस्तक आठ

(रंगमंचावर रद्दीच्या दुकानातला काटा. शेजारी पुस्तकांचा छोटा गठ्ठा. कलाकाराच्या हातात चकचकीत कागद.)

हा लांबून उडप्याचं मेनूकार्ड वाटतो ना? तसाच लॅमिनेट केलाय. पण ही आमच्या ऑफिसची वाचनयादी आहे. बारा महिने, बारा पुस्तकं.

झालं काय, मार्चअखेर पगारवाढीचं पाकीट हातात आलं. पाकीट ताठ! मी जिन्यातूनच बायकोला फोन केला, "अगं, ताठ आहे!" फोडलं तर ही. साहेब म्हणाले (नाकातून), "पैसा काय, येतो आणि जातो. ज्ञान राहतं." साहेब, आमच्याकडे तो नुसता जातो. येताना कुणी बघितलेला नाही.

आता दिवाळीची साफसफाई. बायको म्हणाली, आधी ज्ञान काढा. म्हणून इथं आलो. हा आपला रद्दीवाला. (कानावर पेन्सिल ठेवून) "पेपर बारा, पुस्तक आठ. घासाघीस नाय."

(पहिलं पुस्तक काट्यावर ठेवत) एप्रिल. रिच डॅड पुअर डॅड. 1997 चं. लेखक सांगतो, गरीब बाप म्हणजे माझा सख्खा बाप आणि श्रीमंत बाप म्हणजे मित्राचा बाप. अहो, आमच्या घरी मी नुसतं "मित्राचे बाबा बघा" एवढं म्हटलं असतं, तर पुस्तक नसतं झालं, पंचनामा झाला असता.

"पुस्तक आठ."

मे. सेव्हन हॅबिट्स. 1989. महिनाअखेरच्या मीटिंगमध्ये नऊ जणांनी एकच उदाहरण दिलं, कारण नऊ जणांनी दहा मिनिटांचा एकच व्हिडिओ बघितला होता. पहिली सवय सगळ्यांना पाठ. सातवी कुणालाच येईना. अकाउंटच्या मॅडमनी साहेबांनाच विचारलं. साहेब म्हणाले, "सातवी ज्याची त्यानं लावून घ्यायची असते." (प्रेक्षकांना, हळूच) सातवी म्हणजे करवतीला धार लावणं. मी वाचलंय. खोटं कशाला बोलू, अनुक्रमणिकेत वाचलंय.

"पुस्तक आठ."

जून! हू मूव्ह्ड माय चीज. 1998. शंभराच्या आत पानं. दोन उंदीर, दोन बुटकी माणसं आणि एक भुलभुलैया. रोजच्या जागचं चीज एक दिवस गायब. उंदीर तडक दुसरीकडे शोधायला पळतात, माणसं बोंबलत बसतात. तात्पर्य काय, बोंबलू नका, पळा. अमेरिकेत कंपन्यांनी हे गठ्ठ्यानं घेऊन कामगारांना वाटलं. आमच्याकडे वाटलं, आणि त्याच आठवड्यात साडेचारचा वडा बंद झाला. नुसता चहा! अहो, आमचं चीज म्हणजे तो वडाच होता!

मी हात वर केला. "साहेब, नाव आहे 'माझं चीज कुणी हलवलं'. शेवटपर्यंत वाचलं. कुणी हलवलं ते सांगितलंच नाही." साहेब म्हणाले, "प्रश्नच चुकीचा आहे." अहो, प्रश्न माझा नाही, कव्हरवर छापलाय!

हेच आमच्या वाड्यात झालं असतं तर? फडताळातलं श्रीखंड हललंय. आजी काठी टेकत आली. (आजीच्या आवाजात) "मांजर चमच्यानं खात नाही. सगळ्यांनी रांगेत उभं राहा. जिभा दाखवा!" एक जीभ केशरी. धपाटा. केस स्टडी समाप्त! भुलभुलैया नाही, तात्पर्य नाही, दोन मिनिटांत निकाल.

"आजी भारी. पुस्तक आठ."

जुलै. गुड टू ग्रेट. 2001. चांगल्याच्या महान झालेल्या अकरा कंपन्या. त्यातली एक सर्किट सिटी. टीव्ही वगैरे विकणारी दुकानं. 2009 मध्ये सगळ्यांची शटरं खाली.

"म्हंजे दुकानाला टाळं आन् पुस्तक चालूच? पुस्तक आठ."

ऑगस्टमध्ये साहेब लीडरशिपच्या शिबिराला लोणावळ्याला गेले आणि वाचन संपलं.

(रद्दीवाला पानांच्या कडा बघतो) "साहेब, हे एकोणीस पानंच वाचलंय."

कसं कळलं?

"तितवर चहाचे डाग हायेत. पुढं कोरं करकरीत. तुमच्या हापिसातनं हेच सातवं आलं. समदी एकोणीसलाच थांबल्यात. एक तर पाकिटातनं काढलंबी नाय. नाकात बोलनाऱ्या मानसानं आनलं हुतं."

(हसत शेवटचं पुस्तक उचलतो. थबकतो.)

हे यादीतलं नाही. कापडी बांधणी. आमच्या तालुक्याच्या वाचनालयाचं.

बाबा एसटीत कंडक्टर. मुक्कामी गाडी. रात्री गावातल्या पारापाशी गाडी लावायची आणि आतल्या दिव्याखाली बाबा ड्रायव्हरला मोठ्यानं वाचून दाखवायचे. सकाळी ड्रायव्हर चावी हातात धरून विचारायचा, "मास्तर, त्या पोराचं पुढं काय झालं?" बाबा म्हणायचे, "आधी गाडी काढ." बाबांनी कधी यादी केली नाही. मागच्या पानावर परतीच्या तारखेचा जांभळा शिक्का, तीच यादी. हे तेवढं परत करायचं राहिलं. शिक्का 12 जूनचा आहे. बाबा गेले 9 तारखेला.

(स्तब्धता.)

"हे नाय घेनार. वाचनालयाचा शिक्का हाय. दंड बसंल."

चोवीस वर्षं, दिवसाला दहा पैसे... 876 रुपये! पगारवाढीपेक्षा दंड जास्त!

"बाकी सव्वा किलो. हे घ्या धा रुपये."

(फोनवर) अगं, वाढ झाली! दहा! ...नाही, टक्के नाही. रुपये.

आणि ही यादी पण घ्या.

"हिला पलास्टिक हाय. भाव नाय. परत न्या."

(कलाकार स्टुलावर बसतो. बाबांचं पुस्तक उघडतो. वाचतो. पान उलटतो. आणखी एक. जांभई. लॅमिनेट केलेली यादी पानात खूण म्हणून घालतो. मिटतो.)

"कितवं पान, साहेब?"

(उघडून बघतो. प्रेक्षकांकडे बघतो.)

एकोणीस.

(अंधार.)