दहावी ‘ब’ला कुणीतरी आवरा!

ऐकलंत का? पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले, दोन्ही गुडघे बदललेले एक गृहस्थ परवा खाकी हाफपँट घालून शाळेच्या पटांगणात रांगेत उभे होते. हाताचं अंतर घेऊन! पलीकडच्या रांगेत दोन-दोन सुना आलेल्या बायका, निळ्या स्कर्टात. दोन वेण्या, लाल रिबिनी. ज्यांच्या वेण्या उरल्या नव्हत्या त्यांनी गंगावनं लावलेली. डोक्यावर ड्रोन घोंघावतोय, आणि खाली एका सुरात प्रार्थना. काय तर म्हणे, दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर! शोभतं का हे वय झाल्यावर? आणि तो व्हिडिओ आपण कितीदा पाहिला, हा प्रश्न कृपया कुणी विचारू नये.

हल्ली मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत हॉल लग्नाला मिळत नाहीत, बॅचला मिळतात. कुठल्याही पेपरचं स्थानिक पान उघडा. ‘३० वर्षांनी पुन्हा भरला दहावीचा वर्ग!’ बातमी छापून तयारच असते, आकडा आणि गाव तेवढं बदलायचं. ‘माजी विद्यार्थी आठवणींत रमले.’ रमले म्हणजे काय केलं? तर शाळेच्या फाटकाबाहेर ज्या चिंचा-बोरं चार आण्याला मिळायची, तीच रिसॉर्टवाल्याने केळीच्या पानावर मांडली आणि त्याचा वेगळा आकार लावला. तोही हसत हसत दिला. वर तिखटमीठ मागून घेतलं!

सगळ्याचं मूळ तो मोबाइल. पूर्वी व्हॉट्सॲपच्या एका ग्रुपात २५६ जण मावायचे, तोवर जरा तरी मर्यादा होती. २०२२ साली १०२४ची मुभा मिळाली आणि अ, ब, क, ड सगळ्या तुकड्या एका दावणीला आल्या. पहिला नियम ठरला: राजकारण नको, धर्म नको, फक्त शाळेच्या आठवणी. हा नियम तासभर पाळला गेला असं ऐकिवात आहे. मग कुणीतरी फॉरवर्ड टाकला, कुणाला तरी मिरची लागली, कुणी ‘लेफ्ट’ झालं, आणि त्याला परत आणायला दोघेजण थेट घरी गेले. आठवडाभरात ‘दहावी ब ओरिजिनल’ नावाचं दुसरं संस्थान उभं! ॲडमिन मात्र निर्धास्त. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ सालीच सांगून टाकलंय, की सभासदाने काहीबाही टाकलं तर निव्वळ ॲडमिन आहे म्हणून त्याला धरता येणार नाही. जो वर्गात साधा मॉनिटर होऊ शकला नाही, त्याला आता न्यायालयाचं संरक्षण!

आणि आठवणी तरी कसल्या हो? आपल्या वेळी मुलं उजवीकडे, मुली डावीकडे. मधल्या मोकळ्या पट्टीतून फक्त बाई चालत. एखादीकडे पट्टी मागितली तर फळ्यावर बदामात नावं झळकायची, म्हणून तीन-तीन वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोललो नाही. आता तीच मंडळी माइक हातात घेऊन ‘आपण किती धमाल करायचो ना!’ म्हणताहेत. केव्हा? कुठे? कुणाबरोबर? पण जाऊ द्या. मागच्या बाकावरच्याने जो किस्सा तीनदा सांगितला, तो चौथ्या खेपेला सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घडलेला असतो. सरांच्या खुर्चीला खाजकुइली लावल्याचा गुन्हा आज एका वर्गात अकरा जण अभिमानाने कबूल करतात. तेव्हा एकही हात वर झाला नव्हता!

आता खरा खमंग मुद्दा. निमंत्रणाच्या तळाशी ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं: ‘जोडीदारास आणू नये.’ का बरं? बजेट, म्हणे. असेल हो, बजेटच असेल! २०१८ साली तमिळमध्ये ‘९६’ नावाचा सिनेमा आला, शाळेची बॅच बावीस वर्षांनी भेटते आणि जुन्या दोघांची रात्रभर भटकंती होते. तो डब करून, सबटायटल लावून, मिळेल तसा आपल्या लोकांनी पाहिला आणि त्यानंतर गेट-टुगेदरच्या आधी फेशियल करणाऱ्यांत बायकाच होत्या असं कोण म्हणतो? आपल्या पाहण्यातल्या एकाने मिशीला कलप लावला. डोकं पांढरंच. मिशी तेवढी १९८९ची.

बॅचमध्ये कोण मोडतं, हा वाद तर महाभारताला पुरेल. मार्चमध्ये गटांगळी खाऊन ऑक्टोबरला पास झाले ते आपले की पुढच्या वर्षीचे? आठवीत नापास होऊन मागे राहिलेला कोणाचा? सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसलेल्यांना टाळी द्यायची की नाही? एरवी ज्याला कुणी विचारत नव्हतं, त्या दोनदा बसलेल्या बहाद्दराला आज दोन्ही ग्रुपांकडून बोलावणं आहे. वर्गणीही दोन्हीकडे भरतो बिचारा, आणि दोन्हीकडे सर्वांत मोठ्याने नाचतो.

१९७५वाल्यांची तर गंमतच न्यारी. त्या साली महाराष्ट्रात जुन्या अकरावीची शेवटची आणि नव्या दहावीची पहिली तुकडी एकदमच बाहेर पडली. दोघांचाही सुवर्णमहोत्सव २०२५मध्ये. अकरावीवाले म्हणतात, खरी मॅट्रिक आमची. दहावीवाले म्हणतात, तुम्हाला तेच शिकायला एक वर्ष जास्त लागलं. पासष्टी ओलांडलेली माणसं! गोळ्यांचे डबे खिशात आणि भांडण कशाचं, तर इयत्तेचं.

गुरुजनांचे हाल बघवत नाहीत. एका निवृत्त गणिताच्या सरांचं कपाट उघडलं तर शालींची थप्पी अंगावर येते. श्रीफळांच्या वड्या करून करून सूनबाई दमल्या. सरांना खुर्चीत बसवायचं, ताम्हनात पाय धुवायचे, आणि मग एका आवाजात विचारायचं, ‘सर, ओळखलं का?’ सर क्षणभर थांबतात आणि ठरलेला बाण मारतात: ‘तू फार व्रात्य होतास!’ झालं, कृतार्थ! जो आयुष्यात कधी व्रात्य नव्हता, ज्याने मान वर करून खिडकीबाहेर पाहिलं नाही, त्याचाही ऊर भरून येतो. पुढे तर हद्दच. एका शाखाधिकाऱ्याने हात पुढे करून ‘बाई, एकदा छडी मारा ना’ असा हट्ट धरला. बाई ऐंशीच्या. त्यांनी मारली. चांगली लागली. व्हिडिओत ते ‘आई गं’ अस्सल ऐकू येतं.

सगळ्यात मोठं आश्चर्य मात्र बाटलेल्यांचं. आपला तो मित्र नाही का, ‘मला नाही असल्या रडारडीत रस’ म्हणणारा? ग्रुप म्यूट करून ठेवलेला? तो आता कोषाध्यक्ष आहे! रात्री साडेअकराला ‘ज्यांची वर्गणी बाकी’ अशी नावानिशी यादी टाकतो. न्यू जर्सीतली वर्गमैत्रीण फिशपाँडच्या चिठ्ठ्या पाठवते आणि दुबईवाला बालभारतीच्या संकेतस्थळावरून जुनी पुस्तकं उतरवून धड्याखालचे प्रश्न विचारतो. लोक उत्तरं देतात! परीक्षेत कोरं सोडलेलं ‘संदर्भासह स्पष्टीकरण द्या’ आता पूर्ण वाक्यात लिहितात.

असो, आपल्याला काय करायचंय. ज्याची त्याची हौस. फक्त त्यांची एक सूचना आलीय, बॅचच्या टी-शर्टची मापं आज रात्री नऊपर्यंत कळवा म्हणून. ‘एल’ टाकलं होतं, पण ते कापड धुतल्यावर आटतं म्हणे. डबल एक्सेल करून टाकलंय. आणि हो, पाठीवर नाव नको, हजेरी नंबर छापा म्हणावं.