सोल बघून सांगतो

कोर्टावर नवा मुलगा आला की सर त्याची उंची बघतात. नाना म्हणतात, "पाय वर कर."

मुलगा गोंधळतो, पण नानांचे पांढरे केस बघून पाय वर करतो. मग घोड्याला नाल ठोकणारा खूर धरतो तसा तो पाय धरून नाना चष्मा कपाळावर ढकलतात आणि सोलवरून अंगठा फिरवतात. मुलगा एका पायावर डुलत असतो. निदानाला वेळ लागत नाही.

"हे धावण्याचे बूट आहेत. कुणी घेतले?"

"बाबांनी."

"बाबा खेळतात?"

"नाही."

"तरीच," असं म्हणून नाना पाय सोडतात.

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात खुलासा होतो. धावणारा माणूस सरळ जातो. त्याच्या बुटाची टाच उंच आणि मऊ असते, पुढे ढकलायला बरी. बास्केटबॉलवाला आडवा सरकतो, थांबतो, वळतो, उडतो आणि कुणाच्या तरी पायावर उतरतो. त्याला तळ रुंद हवा, करंगळीच्या बाजूला थोडा बाहेर आलेला, टाच जमिनीलगत. उंच मऊ टाचेवर आडवं सरकलं की घोटा मुरगळतो. हे सांगताना नाना स्वतःचा घोटा मुरगळून दाखवतात. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी हे करू नये, पण विषय आला की त्यांना राहवत नाही.

नाना आमच्या कोर्टाच्या कट्ट्यावर रोज संध्याकाळी असतात. बँकेतून निवृत्त. पुण्यातल्या एका शाळेच्या आवारातलं हे सिमेंटचं कोर्ट, एका बाजूला वडाचं झाड, त्यामुळे पावसाळ्यात शेवाळ आणि उन्हाळ्यात पानं. नाना इथे खेळत नाहीत. खेळाचे नियमही त्यांनी अलीकडे सोडून दिलेत. तीन गुणांची रेषा मागे सरकली हे त्यांना बरेच दिवस ठाऊक नव्हतं. सामना रंगात आला की सगळे चेंडूकडे बघत असतात आणि नाना कुणाची टाच बुटातून उचलली जाते ते बघत असतात. निकाल विचारला तर म्हणतात, "जिंकले असतील. पण तो पाच नंबरचा पोरगा एक साइझ मोठा बूट घालतो."

अशी माणसं सगळीकडे असतात. गाण्याच्या बैठकीत तानपुऱ्याच्या तारेचा गेज विचारणारे, ट्रेकला निघताना सॅकचे बंद तपासून तिथेच दमणारे. मूळ उद्योग सुटून जातो आणि त्याचं सामान निवडण्याचा आनंद मागे उरतो. नाना या पंथातले, पण एका बाबतीत वेगळे: माणूस बहुतेक वेळा बरोबर असतो. त्यामुळे त्यांची थट्टाही मन लावून करता येत नाही.

तरुणपणी ते खेळायचे. कॅनव्हासचे पांढरे बूट, आत दोन जोड मोजे, शनिवारी पांढरं पॉलिश. महिन्या-दोन महिन्यांत पुढून सोल उघडायचा, मग मोची टाके घालून द्यायचा आणि ते टाके सिमेंटवर घासून चार दिवसांत जायचे. मुंबईत नागपाड्याला ते एकदा सामना खेळले. नागपाडा म्हणजे बास्केटबॉलची पेठ, भारताचे कर्णधार झालेले आणि १९७० साली अर्जुन पुरस्कार मिळालेले अब्बास मुंतसिर तिथलेच. नाना तिथे किती गुणांनी हरले हे कधीच सांगत नाहीत. तिथल्या सिमेंटचं वर्णन मात्र दर वेळी नव्याने करतात.

मुलांनी मऊ गादीच्या बुटांचं कौतुक सुरू केलं की नाना कॅनव्हासच्या बाजूने उभे राहतात. "१९१७ साली कॉन्व्हर्सने कॅनव्हासचा बूट काढला. खाली सपाट रबर, वर कापड, बस. पन्नास वर्षं जग त्यावर खेळलं. विल्ट चेंबरलेनने १९६२ साली एका सामन्यात शंभर गुण केले. गादी होती का त्याच्या पायाखाली?" मुलं गप्प होतात. त्यातलाच एखादा सपाट तळाचे बूट घालून आला, तर नाना त्याला बाजूला घेतात. "अरे, गुडघ्यांचा विचार कर. खाली काहीतरी फोम हवा." या दोन विधानांत त्यांना विसंगती दिसत नाही. पहिलं इतिहास असतं आणि दुसरं सल्ला.

उंच बुटांच्या बाबतीत तर त्यांनी चक्क धर्मांतर केलंय. घोट्याच्या वर येणारा बूट घोटा सांभाळतो, हे ते वर्षानुवर्षं शपथेवर सांगत. मग कुठेतरी त्यांच्या वाचनात आलं की १९९३ साली अमेरिकेत सहाशेच्या वर कॉलेजच्या खेळाडूंना उंच आणि आखूड बूट वाटून दुखापती मोजल्या, आणि उंच बुटांचा ठळक फायदा काही दिसला नाही. शिवाय कोबी ब्रायंटने २००८ साली फुटबॉलवाल्यांकडे बोट दाखवून स्वतःसाठी आखूड बूट करून घेतला. त्या दिवसापासून नाना कट्टर झाले. "घोटा स्नायू सांभाळतात, कापड नाही. एका पायावर उभं राहून दात घासत जा." उंच बूटवाल्यांकडे ते आता जुन्या चुलतभावाकडे बघावं तसं दयेने बघतात.

मे महिन्याच्या शिबिरात शेजारच्या इमारतीतला एक तेरा वर्षांचा मुलगा दाखल झाला आणि त्याच्या आईने बूट घ्यायला नानांना सोबत बोलावण्याची चूक केली. मी निव्वळ मनोरंजनासाठी गेलो.

पहिला वाद वेळेवरून. आई म्हणाली, सकाळी दुकान रिकामं असतं. नाना म्हणाले, "वहिनी, बूट संध्याकाळी घ्यायचे. दिवसभरात पाय फुगतो. सकाळी बसलेला बूट संध्याकाळी चावतो." सात वाजता गेलो. गर्दी अशी की मुलाचा पाय फुगला नसता तर तुडवून तरी फुगला असता.

दुकानातल्या पोराने नंबर विचारला. "पाच," मुलगा म्हणाला. "कुणी सांगितलं?" नानांनी विचारलं. त्यांनी दोन्ही पाय मोजायला लावले. डावा जरा मोठा निघाला. "मोठ्या पायाच्या मापाने घ्यायचं. आणि हा पाय पुढे रुंद आहे. आपले पाय रुंदच. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने एक लाखाच्या वर भारतीयांचे पाय मोजले, तेव्हा कळलं. आपण घालतो इंग्रजांच्या मापाचे बूट, आणि बोटं चेपली की मोज्यांना दोष देतो." दुकानातल्या पोराने आदराने स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

मुलाला निळा बूट हवा होता. त्यावर कुणा खेळाडूची सही होती आणि सोल आरपार दिसणारा. नानांनी तो उलटा केला. "असला सोल दिसायला छान, पण बरेचदा धूळ पकडतो. लाकडी कोर्टावर ठीक. आपल्याकडे वडाखाली खेळायचंय. आणि रेघा बघ किती बारीक. सिमेंट यांना दोन महिन्यांत खाईल." त्यांना हवी होती खोल, नागमोडी नक्षी. कुठल्याही बाजूला घसरला तरी आडवी येणारी. आणि रबर असं की नख रुतलं तर किंचित दबावं, पण खूण राहू नये. ते प्रत्येक सोलवर नख रुतवत चालले तसा दुकानाचा मालक गल्ल्यावरून उठून जवळ आला.

मग पिळणं. बूट पुढून आणि मागून धरून नाना ओल्या टॉवेलसारखा पिळायला लागले. मध्येच पिळला गेला तो बाद. मग वाकवणं. बोटांच्या मुळाशी वाकला तर चांगला, कमानीत वाकला तर बाद. मग टाचेचा कप दाबणं. तो दबला तर बाद. बाद झालेल्यांची रास वाढत गेली. बाजूला एक नवरदेव लग्नाचा बूट बघत बसला होता, तोही हातातला बूट पिळून बघू लागला.

आईचा निकष एकच होता. "नाना, एक नंबर मोठा घेऊ. वाढतं वय आहे. पुढे कापूस भरता येईल."

नानांचा चेहरा दुखावला. "वहिनी, मोठ्या बुटात पाय पुढे सरकतो. थांबताना अंगठ्याचं नख बुटाला आपटतं आणि काळं पडतं. मागे टाच उचलली की फोड. अंगठ्यापुढे आडव्या बोटाची जागा बास."

"आणि आठ हजार घालायचे ते किती दिवसांसाठी?"

इथे नानांनी झायन विल्यमसन काढला. तो ते नेहमी काढतात, कीर्तनकार सुदामा काढतो त्या बेताने. फेब्रुवारी २०१९. ड्यूक विरुद्ध नॉर्थ कॅरोलायना, बघायला खुद्द ओबामा. सामना सुरू होऊन मिनिटसुद्धा झालं नाही. झायनने पाय रोवला आणि डावा बूट फाटून पाय बाहेर! गुडघा मुरगळला. पोरगं सव्वाशे किलोच्या वर. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपनीचा बूट!

"माझा अडतीस किलोचा आहे, नाना," आई म्हणाली.

खरी अडचण नानांना आमच्या सगळ्यांपेक्षा चांगली कळते, आणि तिच्यामुळेच ते कधी समाधानी नसतात. मऊ रबर जमीन धरतं पण झिजतं. कडक रबर टिकतं, पण गुळगुळीत फरशीवर सरकतं. हलका फोम पायाला सुख देतो आणि काही महिन्यांत बसतो. वर विणलेलं कापड हवेशीर, तर चामडं टिकाऊ आणि आत उकाडा. आराम आणि टिकाऊपणा दोन्ही भरपूर असलेला बूट नाना चाळीस वर्षं शोधतायत. मिळत नाही याचं त्यांना खास दुःख नाही. मिळाला तर संध्याकाळी करायचं काय?

त्यांच्या स्वतःच्या बुटांची कथाही याच शोधातली. भाच्याने अमेरिकेहून उत्तम जोडी आणली होती. टिकावी म्हणून नानांनी ती खोक्यात, कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवली. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी काढली, नवी कोरी, वासासकट. कोर्टावर आले, लेस आवळली, दोन उड्या मारल्या. तिसऱ्या उडीला मधला थर भुगा होऊन बाहेर पडला. जिलबीचा चुरा व्हावा तसा. दुसरा माणूस असता तर कंपनीला शिव्या घालत घरी गेला असता. नाना मोज्यांवर कट्ट्यावर बसले आणि त्यांनी मुलांना पॉलियुरेथेन समजावून सांगितलं. हवेतला ओलावा ते हळूहळू तोडतो, न वापरताही. पावसाळे जितके जास्त तितकं लवकर. "म्हणून बूट जपून ठेवायचा नसतो. घालायचा असतो," ते म्हणाले आणि त्या दिवसापासून सँडल घालतात.

अखेर दुकानात एक राखाडी जोडी उरली. पिळली गेली नाही, योग्य जागी वाकली, नख पचवलं. मुलाचा चेहरा त्या राखाडी रंगासारखा झाला होता. नानांनी त्याला जाड मोजे घालून, वरची जास्तीची भोकंही वापरून लेस बांधायला लावली, म्हणजे टाच हलत नाही, आणि चपलांच्या दोन रॅकमध्ये बचावाच्या पवित्र्यात आडवं पळायला लावलं. फरशीवर बूट किंचाळला. नानांनी डोळे मिटले. "ऐका," ते म्हणाले. गाणं ऐकणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर समेला जे येतं ते त्यांच्या चेहऱ्यावर आलं. आईने मुकाट्याने पैसे भरले. पाच नंबर नाही, साडेपाच. अंगठ्यापुढे एक आडवं बोट.

गणपतीच्या सुमारास मुलगा लंगडायला लागला. सरांना वाटलं मुरगळलं. बूट काढला तर अंगठा बुटाच्या टोकाला टेकलेला. पोराने चार महिन्यांत दोन इंच उंची काढली होती आणि पाय उंचीच्याही पुढे निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी आई पिशवीत बूट घालून नानांच्या दारात. मी पेपर मागायला आलो होतो, तो उगाच रेंगाळलो.

नानांनी बूट उलटा केला, सोलवरून अंगठा फिरवला. चेहरा उजळला. "वहिनी, म्हटलं नव्हतं? चार महिने सिमेंटवर, आणि नक्षी जशीच्या तशी! अजून दोन वर्षं बघायला नको."

"अहो, पण पाय बसत नाही त्यात!"

"तो पायाचा दोष," नाना म्हणाले. "बुटाचा नाही."

आईने मोठा श्वास घेतला. "तुमचा नंबर किती, नाना?"

"साडेपाच."

"मग तुम्हीच घाला. आठ हजारांचे आहेत, माळ्यावर नका टाकू."

नानांनी बूट हातात तोलला, पिळला, वाकवला, टाच दाबली. मग खिडकीतून उन्हाकडे बघत मला विचारलं, "किती वाजले?"

"साडेसात."

"मग आत्ता काय कळणार? संध्याकाळी घालून बघतो."