व्हायवा लागलेला माणूस

त्याला ओळखणं सोपं आहे. वय चाळिशीच्या अलीकडे-पलीकडे, काखेत मरून बांधणीचा, सोनेरी अक्षरांचा जाडजूड प्रबंध आणि त्यातून बाहेर डोकावणाऱ्या पिवळ्या, गुलाबी, पोपटी चिठ्ठ्या. चिठ्ठ्या इतक्या, की ज्या पानाला चिठ्ठी नाही तेच महत्त्वाचं असावं अशी शंका येते. कालपर्यंत हा गृहस्थ स्टाफरूममध्ये पाय पसरून पेपर वाचायचा, तासिका तत्त्वावरचं मानधन किती महिने थकलंय याचा हिशोब सगळ्यांना ऐकवायचा. आज ताठ बसतो, चहा अर्धाच पितो आणि ‘काय म्हणताय सर?’ असं विचारलं की आवाज उतरवून सांगतो, ‘व्हायवा लागला.’ ऐकणाराही मग आवाज उतरवतो.

प्रबंधाचा विषय समजा १९९० नंतरची मराठी ग्रामीण कादंबरी. ‘एक चिकित्सक अभ्यास’ हे शेपूट वेगळं सांगायला नको, ते असतंच. प्रबंध विद्यापीठात जमा करून इतका काळ लोटलेला असतो, की त्यात आपण काय लिहिलं होतं हे लेखकाला आता नीटसं आठवत नाही. तो स्वतःचाच ग्रंथ दुसऱ्या कुणाचा असावा तसा वाचायला घेतो. कधी ‘वा!’ म्हणतो. मग तळटीप पाहतो आणि कळतं की ते वाक्य खरंच दुसऱ्याचं आहे.

नावं ठेवणं सोपं आहे, पण त्याची बाजूही ऐकली पाहिजे. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायचं तर २०२१पासून पीएच.डी. सक्तीची, असं यूजीसीनं २०१८मध्ये जाहीर केलं, तेव्हा हा घाईघाईनं नोंदणीला धावला. मग ती तारीख २०२३वर गेली. आणि २०२३ उजाडलं तेव्हा यूजीसीनं सांगितलं की नेट-सेट झालं असेल तर पीएच.डी. ऐच्छिक. तोवर याची चार प्रकरणं लिहून झाली होती. ऐच्छिक गोष्टीसाठी रात्री दोनपर्यंत जागणारा माणूस एरवी प्रेमात पडलेला तरी असतो. याच्याकडे तेही कारण नव्हतं. सहा वर्षांची कमाल मुदत, वर फेरनोंदणीची दोन वर्षं, असा नियम आहे. याला तो कलमासकट पाठ आहे. प्रबंधाशी संबंधित तेवढाच मजकूर त्याला न बघता म्हणता येतो.

तयारीच्या पहिल्याच आठवड्यात मोठा घाला पडतो. मूळ प्रबंध डीटीपीवाल्यानं जुन्या फॉन्टमध्ये बसवलेला असतो. वाङ्मयचौर्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला तो फॉन्ट मराठी म्हणून वाचताच येत नाही, त्यामुळे सगळा मजकूर युनिकोडमध्ये फिरवावा लागतो. साम्य दहा टक्क्यांच्या आत आलं, गाईड सरांनी सही केली, पेढे वाटले गेले. फिरवताफिरवता अर्धे रफार गळून पडल्याचं मात्र तेव्हा कुणी पाहिलं नाही. आता व्हायवाच्या तोंडावर प्रबंध उघडून बघतो तर सहाव्या प्रकरणाचं नाव ‘निष्कष’, पहिल्या पानावर ‘मागदशक’, आणि ग्रामीण समाजातल्या ज्या वर्गसंघर्षावर त्याचा सगळा जीव, तो तीनशे पानं ‘वगसंघष’ म्हणून लढला जातोय. मग पेन घेऊन हातानं रफार देणं सुरू होतं. घरातली सगळी माणसं कामाला लागतात. दहावीतली मुलगी विचारते, ‘बाबा, कार्यमध्ये असतो का हो?’ बाबांना शंका येते, ते कोश काढतात.

रफार देऊन झाले की खरं संशोधन सुरू होतं, आणि ते रेफरींवर. बाहेरच्या विद्यापीठातून येणारे रेफरी कोण आहेत हे कळल्यापासून याच्यातला संशोधक प्रथमच जागा होतो. त्यांची सगळी पुस्तकं तो मिळवतो, प्रस्तावना वाचतो, त्यांनी कुणाच्या पुस्तकाला शिव्या घातल्या याची नोंद करतो आणि ते पुस्तक आपल्या संदर्भसूचीत आहे का, हे पाहून रात्रभर जागतो. (असतं.) शोधगंगा या प्रबंधांच्या संकेतस्थळावर जाऊन त्यांच्या हाताखाली कुणीकुणी प्रबंध केले ते हुडकतो आणि त्यातल्या दोघांना फोन लावतो. पलीकडून पहिली माहिती मिळते ती अशी, की सर गाडीत पुढच्या सीटवर बसतात. दुसरी अशी, की सरांना शुगर आहे, पण गोडाला नाही म्हणत नाहीत. ‘प्रश्न काय विचारतात?’ यावर मात्र दोघेही विचारात पडतात आणि म्हणतात, ‘प्रश्न... तसे फार नाही विचारत.’ प्रबंधासाठी त्यानं अशी क्षेत्रभेट दिली असती तर ग्रामीण कादंबरीबद्दल काही नवं निघालं असतं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

घरी मॉक व्हायवा होतो. बायको भाकरी थापत असते, हा ओट्याशी उभा राहून प्रकरणनिहाय सारांश सांगत असतो. ती सगळं ऐकते. तिनं या प्रबंधाची प्रुफं वाचलेली आहेत, म्हणजे शब्दन् शब्द वाचलेला जगात आजवर तीच एक माणूस. भाकरी तव्यावर टाकता टाकता ती सहज म्हणते, ‘अहो, पण शेवटी यातून निघालं काय?’

‘ते सहाव्या प्रकरणात आहे.’

‘वाचलंय मी सहावं प्रकरण. म्हणून तर विचारतेय.’

यावर तो स्वयंपाकघरातून निघून जातो. नंतर बराच वेळ बाहेरच्या खोलीतून पीपीटीचा आवाज येत राहतो. ती मुलीनं केलेली असते, आणि तिच्यात प्रत्येक अक्षर वरून फिरत फिरत, टाळीच्या आवाजासकट खाली येतं.

गाईड सरांची तयारी वेगळ्या पातळीवरची. त्यांना श्रीधर व्यंकटेश केतकरांचं उदाहरण फार आवडतं. केतकरांनी १९११मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि परत येऊन ज्ञानकोशाचे २३ खंड काढले. ‘पदवी हा शेवट नसतो, सुरुवात असते,’ असं सर डोळे मिटून सांगतात. उमेदवार भराभर वहीत लिहून घेतो. एकदा त्या वहीत मी डोकावलो. पानाच्या डोक्यावर ‘केतकर’ लिहिलेलं होतं आणि त्याखाली ‘केटरर : ६० ताटं, मठ्ठा वेगळा सांगणे, जिलबी की गुलाबजाम?’ यूजीसीच्या नियमांत जेवणाचा उल्लेख कुठेही नाही. पण रीत म्हणजे रीत.

एवढं सगळं निभतं, पण त्याची झोप उडवणारी गोष्ट निराळीच आहे. व्हायवा खुला असतो. येऊन बसलेला विभागातला कोणीही अभ्यासक उठून प्रश्न विचारू शकतो. रेफरींची त्याला भीती नसते, ते पाहुणे आहेत, संध्याकाळी गाडीनं जाणार. भीती असते ती तिसऱ्या रांगेत बसणाऱ्या सहकाऱ्याची, ज्याची स्वतःची नोंदणी रद्द झालीय आणि जो ‘एक छोटीशी शंका होती’ म्हणून उभा राहतो. असल्या शंकेला शिरकावच नको म्हणून मग प्रश्न वाटले जातात. भरवशाचे ज्युनिअर हेरून प्रत्येकाच्या हातात एकेक चिठ्ठी जाते. कुणी कशानंतर उठायचं हे ठरतं. प्रत्येक प्रश्नाला सुरुवातीला ‘अतिशय मार्मिक प्रश्न विचारलात’ असं म्हणायचं, म्हणजे उत्तर आठवायला सवड मिळते, हा गाईड सरांचा सल्ला.

अशा एका व्हायवाला मी हजर होतो. उमेदवार क्रीम रंगाच्या नव्या सफारीत, पहिल्या रांगेत सासरे, मुलीची अक्षरं टाळ्या वाजवत उतरत होती. रेफरी सरांनी सादरीकरण शांतपणे ऐकलं आणि मग आपल्या प्रबंधाच्या वेळी काय काय घडलं, हे पाऊण तास सांगितलं. त्यांच्या गाईडनी त्यांना पावसात उभं केलं होतं, ते प्रकरण खरोखर हृद्य होतं. प्रश्न त्यांनी एकच विचारला, आणि तोही अर्धाच. ‘हे जे निष्कष...’ एवढं म्हणून ते थांबले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘असो, मुद्रणदोष.’ एक रफार राहिलाच होता.

अध्यक्षांनी सभागृहाला विचारलं, ‘कुणाला काही?’ तिसऱ्या रांगेत खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. उमेदवारानं घाईनं खुणावलं तशी एक ज्युनिअर मुलगी ताडकन उठली. तिच्या चिठ्ठीवर, सोयीसाठी, प्रश्नाखाली उत्तरही लिहिलेलं होतं. कुठे थांबायचं हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तिनं खणखणीत आवाजात प्रश्न वाचला, श्वास घेतला आणि तीन मुद्द्यांचं उत्तरही सलग वाचून टाकलं. त्यातलं ‘(इथे थोडं थांबून)’ सुद्धा. मग ती खाली बसली.

सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. गाईड सर छताकडे बघत होते. तिसऱ्या रांगेतला सहकारी, माझ्या आठवणीत प्रथमच, खुशीत दिसला. उमेदवारानं रुमालानं कपाळ पुसलं, टेबलावरचा प्रबंध सरळ केला आणि तिच्याकडे पाहून म्हणाला, ‘अतिशय मार्मिक प्रश्न विचारलात.’ मग तेच तीन मुद्दे त्यानं त्याच क्रमानं सांगितले. दुसऱ्यानंतर थोडं थांबला.

रेफरी सरांनी मान डोलावली. ‘या उत्तराशी,’ ते म्हणाले, ‘मी पूर्णपणे सहमत आहे. दोन्ही वेळा.’