अपेक्षित उत्तर

डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षात खऱ्याखुऱ्या शाळेत जाऊन वर्ग सांभाळायचा असतो. त्या काळाला कागदोपत्री ‘आंतरवासिता’ म्हणतात. माण तालुक्यातल्या एका वाडीत पहिल्या दिवशी मी हा शब्द पारावर उच्चारला, तेव्हा एका आजोबांनी काळजीनं विचारलं, “म्हंजी मुक्कामाला हाय का?” मुलांनी मात्र माझ्या हुद्द्याचा प्रश्न पाच मिनिटांत निकालात काढला. शाळेत एक हेडसर होते, एक बाई होत्या. मी दोघांपेक्षाही उंचीनं कमी आणि पगारानं तर शून्यच. मी ‘बारकं सर’ झालो.

पहिली ते चौथी मिळून पट 41. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणं साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक, म्हणजे एकेकाला दोन-दोन वर्ग. त्या दोघांतला एक जण कायम बैठकीला गेलेला असणार किंवा ‘सरल’ पोर्टलवर माहिती भरण्यासाठी रेंज शोधत टेकडी चढत असणार, एवढं कायद्यात लिहायचं राहिलंय. त्यामुळं तिसऱ्याच दिवशी तिसरी-चौथीचा जोडवर्ग माझ्या गळ्यात पडला.

तशी माझी तयारी दांडगी होती. पाठाचं टाचण रात्री दीडपर्यंत जागून काढलं होतं. टाचणाच्या पानाचे दोन उभे भाग असतात. डावीकडे ‘अध्यापक कृती’, उजवीकडे ‘विद्यार्थी कृती’. डावीकडे माझा प्रश्न, उजवीकडे मुलांचं अपेक्षित उत्तर. तेही मीच लिहिलेलं, शुद्धलेखनासकट. हर्बार्ट नावाच्या जर्मन गृहस्थाच्या खात्यावर जी पंचपदी जमा आहे, तिची पहिली पायरी प्रस्तावना. प्रश्नामागून प्रश्न विचारत पोरांना असं कोपऱ्यात आणायचं, की विषयाचं नाव त्यांच्याच तोंडून पडलं पाहिजे. मग आपण फळ्याकडे वळायचं आणि आत्ताच सुचल्यासारखा चेहरा करून ते लिहायचं. माझा विषय होता बाष्पीभवन.

“पाणी चुलीवर ठेवलं की काय होतं?”

टाचणात उत्तर होतं, ‘पाण्याची वाफ होते.’ वर्गात आलं, “अंघूळ!”

“बरं, तसंच उकळत ठेवलं तर?”

“आय वरडती. सरपान काय फुकाट येतंय व्हय?”

मी घाम पुसला. बाष्पीभवनाचा तेवढाच पुरावा त्या क्षणी वर्गात हजर होता. शेवटचा हुकमी प्रश्न टाकला, “आपल्या माणगंगेचं पाणी उन्हाळ्यात कुठं जातं?”

दुसऱ्या रांगेतला एक हडकुळा पोरगा उठला. त्याच्या चड्डीचं बटण नुकतंच शहीद झालं होतं, म्हणून एका हातानं चड्डी धरून तो शांतपणे म्हणाला, “सर, तिला पावसाळ्यातबी नसतंय.”

ह्याला चूक कसं म्हणायचं?

मग मी गिजुभाई बधेकांना शरण गेलो. त्यांच्या ‘दिवास्वप्न’ या पुस्तकातल्या मास्तरांनी चौथीचा वर्ग गोष्टी सांगून जिंकला, एवढं गाईडमध्ये वाचलं होतं. शांततेचा खेळही त्यातच आहे असं कळलं, म्हणून म्हटलं सुरुवात शांततेनं करावी. “डोळे मिटा. कानावर येतील ते आवाज ऐका.” पहिल्या मिनिटात बैलगाडी ऐकू आली. दुसऱ्या मिनिटात पाच निरनिराळ्या तोंडांतून कोंबडा. नंतर जे आवाज आले ते प्राण्यांचे नव्हते आणि तोंडातलेही नव्हते. पुढं मूळ पुस्तक मिळवून वाचलं, तेव्हा कळलं की त्या मास्तरांचाही शांततेचा खेळ पहिल्याच दिवशी असाच फसला होता. गाईडवाल्यानं नेमका तेवढाच भाग गाळला होता.

एका खात्यात मात्र मी अधिकारी होतो. पोषण आहाराची खिचडी मुलांना वाढण्याआधी शिक्षकानं चाखायची आणि चव रजिस्टरमध्ये शेरा लिहून सही करायची, असा नियम आहे. हे काम सगळ्यांनी एकमतानं बारक्या सरांना दिलं. पोरामागं शंभर ग्रॅम तांदूळ, म्हणजे पुरी हजेरी असली की 4 किलो 100 ग्रॅम, आणि वर मटकी. मागचं सगळं रजिस्टर चाळलं तर प्रत्येक तारखेपुढं एकच शेरा, ‘चांगली’. मी नवशिका आणि प्रामाणिक. लिहिलं, ‘मीठ किंचित कमी.’ दुसऱ्या दिवशी खिचडी शिजवणाऱ्या मावशी माझ्याशी बोलल्या नाहीत. खिचडीच बोलली. 41 पोरं हापशावर रांग लावून उभी होती आणि हेडसर माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होते, ती मी आजवर फक्त लग्नात रुसलेल्या मामांची पाहिली आहे. त्या दिवसापासून मीही ‘चांगली’ लिहू लागलो. शिक्षक म्हणून माझ्या हातून झालेली पहिली प्रगती ती हीच.

शेवटच्या आठवड्यात कॉलेजचे मार्गदर्शक पाठ निरीक्षणाला येणार होते. ही बातमी कशी कुणास ठाऊक वर्गात फुटली, आणि सरांचे मार्क आपल्या हातात आहेत हा शोध पोरांना लागला. एरवी करंगळी वर करून बाहेर पळणारी मंडळी त्या दिवशी ताठ बसली होती. तेल चोपडलेली डोकी, गळ्यापर्यंत लावलेली बटणं. हडकुळ्याच्या चड्डीला सेफ्टी पिन. आधीचा पाठ पुरता बुडाला होता, म्हणून मी तोच पुन्हा काढला होता. मार्गदर्शक मागच्या बाकावर वही उघडून बसले. मी घसा खाकरला. “मुलांनो, पाणी...”

“वाफ!” हडकुळा ओरडला.

“अजून प्रश्न झाला नाही, बाळ. चुलीवर...”

“बाष्पीभवन!” सगळा वर्ग एका सुरात.

पंचपदीची पहिली पायरी अकरा सेकंदांत संपली. मी फळ्याकडे वळलो, पण आत्ताच सुचल्यासारखा चेहरा काही जमेना. मार्गदर्शकांनी वहीत लिहिलं, ‘प्रश्न पूर्ण होण्याआधीच उत्तरे येतात. पाठ पूर्वी घेतला असल्याची शंका.’ आणि खाली सही.

मला पन्नासपैकी एकतीस मिळाले. निरोपाच्या दिवशी हडकुळ्यानं विचारलं, “सर, पास झालासा न्हवं?” मी हो म्हणालो. तो शेजारच्याला म्हणाला, “बघ, म्या सांगितलं व्हतं, वरडून सांगायचं.”