चिंचवड ते चाकण, मार्गे भंगार

पिंपरी-चिंचवडमध्ये नवी गाडी घेतली, तर शेजारी पेढा खातात आणि दार लावून घेतात. जुनी गाडी पार्किंगमध्ये उघडून बसलात, तर मात्र अख्खी विंग चपला घालून खाली येते. इथल्या प्रत्येक जिन्यात कुणी ना कुणी टेल्कोतून, बजाजमधून किंवा त्यांना नटबोल्ट पुरवणाऱ्या एखाद्या शेडमधून निवृत्त झालेलं असतं. टेल्कोचं नाव 2003 मध्येच टाटा मोटर्स झालं, पण माणूस अजून टेल्कोतूनच रिटायर होतो. त्याच्या हातातला पाना कंपनीने परत घेतलेला असतो. डोक्यातला राहून गेलेला असतो.

माझ्या मेव्हण्याने उचलून आणलेली गाडी म्हणजे 1994 ची टाटा इस्टेट. ‘उचलून’ हे शब्दशः, कारण ती टेम्पोतून आली. आजच्या पोरांना ही गाडी सांगून कळत नाही, म्हणून थोडी वंशावळ. टेल्कोने 1988 मध्ये टाटामोबाइल नावाचा पिकअप काढला, त्याच्या जिवावर 1991 मध्ये सिएरा आणि 1992 मध्ये ही इस्टेट. पुढून पिकअप, मधून मोटार आणि मागून थेट मर्सिडीजची वॅगन. मर्सिडीजवाल्यांशी टेल्कोचं जुनं नातं होतं. 1954 पासून पंधरा वर्षं डाइमलर-बेन्झच्या करारावर टेल्कोत ट्रक बनत होते. पुढे 1995 मध्ये खरी मर्सिडीज ई-क्लासही टेल्कोच्याच पिंपरीतल्या आवारात जुळू लागली. जगात सगळीकडे अस्सल आधी येतं आणि नक्कल मागून. आमच्या गावात नक्कल तीन वर्षं आधी हजर होती.

गिऱ्हाइकाला मात्र हिचं करायचं काय, ते शेवटपर्यंत उमगलं नाही. एवढी लांबलचक डिकी पाहून लोक आधी आत कोण आजारी आहे ते विचारायचे. 1994 मध्ये सुमो आली, तिच्यात दहा माणसं कोंबता येऊ लागली, मग सामानाची ऐट कोण बाळगतो? 2000 च्या सुमारास इस्टेट बंद पडली.

आमची इस्टेट त्याच्याही आधीपासून बंद असावी. दाराच्या खालच्या कडेला बोट लावलं की बोट आत जायचं. मागच्या काचेचं बीडिंग बिस्किटासारखं तुटत होतं. डिकी उघडली तर वर राहत नव्हती, म्हणून टेकू सासऱ्यांच्या काठीचा. त्यामुळे डिकीत काम चालू असेपर्यंत सासरे बाकावरून हलू शकत नसत, आणि बाकावरून सूचना करण्यावाचून त्यांना दुसरा उद्योग नसे.

“दाजी, टेन्शन नका घेऊ,” मेव्हणा म्हणाला. “इथंच जन्मलीय ती. माहेरी आलेल्या पोरीला काय कमी पडतंय?”

सोसायटीने दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं, की पार्किंगमध्ये औद्योगिक स्वरूपाचे काम करू नये. ज्या शहरात फुकट सल्लासुद्धा औद्योगिक स्वरूपाचा असतो, तिथे ही सूचना. सूचना लिहिणारे सेक्रेटरी स्वतः पेंट शॉपमध्ये होते. संध्याकाळी ते समज द्यायला आले, पत्र्यावरून तळहात फिरवला, “प्रायमरच्या आधी पॉलिश पेपर नाही मारला ना?” असं विचारलं आणि रात्री उशिरापर्यंत लांबी घासत बसले. तिसऱ्या मजल्यावरचे क्वालिटीवाले काका व्हर्नियर घेऊन उतरले आणि लांबीचा थर मोजून जागोजागी लाल खडूने फुल्या मारून गेले. टूलरूमवाल्या काकांनी आमचे सगळे स्क्रू लोणच्याच्या बरण्यांत लावून वर चिठ्ठ्या चिकटवल्या. त्याला फाइव्ह-एस म्हणतात. बायको मात्र बरण्या शोधत होती, आणि त्याला काय म्हणतात ते इथे छापण्यासारखं नाही.

खरी गंमत पॉवर विंडोची. ड्रायव्हरच्या बाजूची काच उतरेना. आमच्यासारख्याने वायरमन बोलावला असता. क्वालिटीवाल्या काकांनी खुर्ची मागवली आणि वाय-वाय सुरू केलं. पाच वेळा ‘का’ विचारलं की मूळ कारण हाती लागतं, ही टोयोटाची जपानी पद्धत; आमच्या पट्ट्यात ती मंगलाष्टकांहून जास्त लोकांना पाठ आहे. काच का उतरत नाही? मोटर फिरत नाही. का? करंट येत नाही. का? वायर उंदराने कुरतडलीय. का? दाराच्या खणात शेंगदाण्याच्या लाडवांचा चुरा आहे. आता पाचवा का. मेव्हणा गाडी आणायला निघाला तेव्हा त्याच्या आईने डबा दिला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. काकांनी चष्मा पुसला, वहीत ‘मूळ कारण’ या रकान्यात ‘सासूबाई’ असं लिहिलं आणि ‘कायमस्वरूपी उपाय’ हा रकाना माझ्यापुढे सरकवला. सासरे बाकावरून पहिल्यांदाच काही बोलले नाहीत.

आता प्रवास. गाडी सुटी पडलेली, म्हणून सुट्या भागांचा शोध मेव्हण्याच्या बॅटरीवाल्या चेतकवरून. तीही आकुर्डीचीच. मागे मी, मांडीवर इस्टेटची टेललाइट.

पहिला मुक्काम टेल्को रोड. दुकानदाराला डिकीचा शॉकर हवा म्हणून सांगितलं.

“कुठली गाडी?”

“इस्टेट.”

“कुठल्या कंपनीची?”

मेव्हण्याने काही न बोलता रस्त्यापलीकडच्या कंपनीच्या भिंतीकडे बोट केलं. दुकानदाराने भिंत पाहिली, आम्हाला पाहिलं आणि “यांनी अशी गाडी काढलीच नाही” असं ठामपणे सांगितलं. माहेरच्यांनी ओळख न दाखवणं म्हणजे काय, ते तिथे कळलं. शेवटी इंडिकाचा शॉकर घेतला आणि भोसरीत लांडेवाडीच्या एका शेडमध्ये लेथवाल्याकडे ब्रॅकेट करायला टाकला. पोरगा शेजारच्या मशीनवर कुठल्याशा परदेशी पंपाचा जॉब मायक्रॉनमध्ये मोजत होता. त्याने आमच्याकडे ड्रॉइंग मागितलं. नाही म्हटल्यावर विचारलं, “टॉलरन्स?”

“डिकी उघडी राहिली पाहिजे, आणि सासरे घरी जाऊ शकले पाहिजेत.”

एवढ्या स्पेसिफिकेशनवर त्याने ब्रॅकेट केलं. बसलं.

तिथून कुदळवाडी. चिखलीजवळचा हा भाग म्हणजे या पट्ट्याचा भंगारबाजार होता. 2025 च्या फेब्रुवारीत महापालिकेने इथली हजारो बांधकामं पाडली. ती बेकायदा होती, आगी लागत होत्या, घाण पाणी इंद्रायणीत जात होतं. पाडायला नको होती असं मी म्हणणार नाही. पण आधी तिथे एक वेगळीच सोय होती. गाडीचं नाव सांगायची गरज नसे. तुटका भाग दाखवला की माणूस ढिगाऱ्यात हात घाले आणि त्याचा जोडीदार काढून देई. आता मोकळ्या प्लॉटवर आम्ही टेललाइट उंच धरून उभे राहिलो. एकाने मोशीकडे बोट केलं, दुसऱ्याने तळवड्याकडे, तिसऱ्याने ती लाइटच विकत मागितली.

लाइटला जोड नाही, काचेला बीडिंग नाही. कुणीतरी सांगितलं, चाकणला रबराचे प्रोफाइल काढणारा एक कारखाना आहे. चाकणला जायचं तर वाराचा विचार करावा लागतो. या पट्ट्याची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी. गुरुवारी रस्ता मोकळा असतो, पण कारखाने बंद. बाकीचे सहा दिवस कारखाने उघडे, पण तिथे पोचता येत नाही. आम्ही सोमवार निवडला.

मोशी सोडली, इंद्रायणी ओलांडली, चिंबळी फाट्यापर्यंत सगळं ठीक. कुरुळीपासून कंपन्यांच्या बसगाड्या, कंटेनर, कांद्याचे ट्रक आणि कोऱ्या मोटारी लादलेले ट्रेलर यांची एकच रांग. ट्रेलरवरच्या गाड्या अजून विकल्याही नव्हत्या, तरी ट्रॅफिकचा अनुभव त्यांना मिळत होता. चाकण म्हटलं की लोकांना आता मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्र आठवतात. मला तळेगाव चौकात उभं असताना संग्रामदुर्ग आठवला. 1660 मध्ये हा लहानसा भुईकोट फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या अफाट फौजेपुढे पन्नासाहून जास्त दिवस लढवला. सुरुंगाने बुरूज उडवला तेव्हा कुठे किल्ला पडला. शाळेत वाटायचं, एवढ्या फौजेला चाकणात एवढे दिवस का लागावेत? त्या चौकात शंका फिटते.

अडकल्या अडकल्या मेव्हणा मोबाइलवर कायदा वाचत होता. व्हिंटेज म्हणवून घ्यायला गाडी 50 वर्षांची लागते, म्हणजे आमची 2044 मध्ये. तोवर ती नुसतीच जुनी. जुन्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी 2022 मध्ये 600 रुपयांवरून 5,000 झाली, आणि वीस वर्षांपुढच्यांना 2025 मध्ये 10,000. “दाजी, म्हातारपण महाग आणि ज्येष्ठ नागरिकाचा दाखला अजून अठरा वर्षं लांब,” तो म्हणाला. मागचा टेम्पो हॉर्न वाजवत होता. पुढे जायला जागा नव्हती. बहुधा सहानुभूतीने वाजवत असावा.

कारखान्याच्या मालकाने बीडिंगचा तुकडा हातात घेतला, वाकवला, वास घेतला. “होईल. डाय करावी लागेल. किती पाहिजे?”

“सात मीटर.”

तो हसला नाही. आत पुण्याच्या, गुजरातच्या आणि परदेशच्या मोटारींचं रबर मशीनमधून न तुटता बाहेर येत होतं. “मशीन गरम होईपर्यंतच पन्नास मीटर वाया जातं, साहेब. कमीत कमी पाचशे.”

मी निघायला उठलो. मेव्हणा बसून राहिला. त्याने चहा मागवायला लावला, गावाची चौकशी केली, मालकाचे मामा जुन्नरकडचे निघाले, डायचे पैसे अर्ध्यावर आले. पाचशे मीटर मात्र पाचशेच राहिले.

काच आता अशी बसलीय, की क्वालिटीवाल्या काकांना फुली मारायला जागा सापडेना. सेक्रेटरींनी स्वतः शेवटचा कोट मारला आणि फळ्यावरची सूचना स्वतःच पुसली. सासरे काठीसकट मोकळे झाले. फक्त चारशे त्र्याण्णव मीटर काळं रबर आमच्या गॅलरीत पडून आहे, आणि इतका चांगला माल वाया जाऊ नये म्हणून मेव्हणा दुसरी इस्टेट शोधतोय. सिन्नरजवळ एका पोल्ट्रीत उभी आहे म्हणे, कोंबड्यांसकट. गुरुवारी निघायचं ठरलंय. चाकणपर्यंत रस्ता मोकळा असतो.