फाडफाड इंग्रजीच्या संचालकांस खुले पत्र

मा. संचालक,
इंग्रजी शब्दसंपदेचा क्लास, अंधेरी (पूर्व) यांस,

स. न. वि. वि.

सर्वप्रथम अभिनंदन. लोकलच्या डब्यात, मूळव्याध आणि वशीकरण यांच्या जाहिरातींच्या मधोमध तुमचं स्टिकर झळकतंय: ‘मराठी मीडियम? घाबरू नका! ३० दिवसांत ३००० ॲडव्हान्स शब्द.’ म्हणजे दिवसाला १००. रविवारची सुट्टी धरायची तेवढी राहिली.

माझी भाची घाटकोपरहून मेट्रोने तुमच्याकडे येत होती. राज्यात २००० साली पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, त्यानंतरच्या पिढीतली ती. ऑफिसात रोज इंग्रजीत मेल लिहून तिचं बरं चाललं होतं. तुमच्या फुकटच्या डेमो लेक्चरला दहा मिनिटं बसली आणि आपली व्होकॅब वीक असल्याचं तिला कळलं. इतकं झटपट निदान आमच्या फॅमिली डॉक्टरांनाही जमत नाही.

गुणही लगेच आला. गेल्या महिन्यात मी तापाने पडलो. पूर्वी तिने साहेबांना ‘अंकल हॅज फीव्हर’ असं काहीतरी गावंढळ कळवलं असतं. या वेळी लिहिलं, ‘माय अंकल इज मॉरिबंड.’ तासाभरात साहेबांचा फोन आला. तिचा मोबाइल माझ्याच उशाशी होता, म्हणून मीच उचलला. मला घरघर लागली आहे, ही बातमी मला त्यांच्याकडून समजली.

मग तिची वही पाहिली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ, की पुढचा शब्द. एकालाही वाक्य नाही. एखादा शब्द डबघाईला आलेल्या धंद्याला शोभतो की तापाने पडलेल्या मामाला, याची कुठे दखल नाही. नॉर्मन लुईस यांच्या १९४९ सालच्या ‘वर्ड पॉवर मेड ईझी’तले शब्द तुम्ही उचललेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यांनी दिलेली शब्दांची मुळं, वाक्यं आणि पुन्हापुन्हा घोटून घेणारा सराव तेवढा तिथेच ठेवून आलात. झेरॉक्सचा खर्च वाचला असेल.

पॉल नेशन या अभ्यासकाने २००६ साली हिशेब मांडला: इंग्रजी कादंबरी किंवा वर्तमानपत्र कुणाच्या मदतीशिवाय वाचायचं, तर ८ ते ९ हजार शब्दकुळं ओळखीची हवीत. ती पाठांतराने जमत नाहीत. वाचता वाचता एकच शब्द वेगवेगळ्या ठिकाणी भेटत राहतो, तेव्हा कुठे तो आपला होतो. पण घरबसल्या वाचनाची फी कशी आकारणार, ही तुमची अडचण मी समजू शकतो.

अमेरिकेला निघालेल्यांसाठीची तुमची विरुद्धार्थी शब्दांची बॅच तर वारसा जतनाच्या पुरस्काराला पात्र आहे. जीआरई परीक्षेने ते प्रश्न ऑगस्ट २०११मध्येच काढून टाकले. तुम्ही मात्र निष्ठेने शिकवताय.

भाचीने क्लास सोडला आणि उरलेली फी मागितली. तेव्हा पावतीच्या मागचं तुमचं इंग्रजी पहिल्यांदा वाचलं: ‘नो रिफंड.’ दोनच शब्द, साधे, नेमक्या जागी. डिक्शनरी लागली नाही, पाठ करावं लागलं नाही, आणि जन्मात विसरणार नाही. इतकं चांगलं इंग्रजी येतं तुम्हाला, सर. ते वर्गात का नाही शिकवत?

कळावे, लोभ असावा.

आपला,
विद्यार्थिनीचा मामा, मुलुंड