नीतिमत्तेचा रकाना

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायचं तर आधी आपल्या पात्राची कॅरॅक्टर शीट भरावी लागते. ताकद, चपळाई, अक्कल हे सगळं आकड्यांत मांडता येतं, त्यावरून कुणी भांडत नाही. भानगड असते ती अलाइनमेंटच्या रकान्याची. पात्र सज्जन की दुर्जन, कायदा पाळणारं की धाब्यावर बसवणारं, हे तिथे आधीच लिहून द्यायचं. लग्नाच्या बायोडेटात ‘स्वभाव : मनमिळाऊ’ लिहितात ना, तसंच, आणि तितकंच खरं.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी अमेरिकेत हा खेळ काढला, तेव्हा लॉ, न्यूट्रॅलिटी आणि केऑस असे तीनच गट होते. पुढे त्यात चांगलं-वाईट मिसळलं आणि १९७८च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये नऊ खण झाले. शिवाय प्रत्येक अलाइनमेंटची भाषा वेगळी! अलाइनमेंट बदललं की जुनी भाषा बोलताच येणार नाही. हा नियम पक्षांतराला लावला तर विधानसभेत किती शांतता नांदेल!

१९८९च्या दुसऱ्या आवृत्तीतला ‘ट्रू न्यूट्रल’ तर माझा विशेष लाडका. चांगल्या-वाईटाचा तोल सांभाळणं हे त्याचं व्रत. म्हणून तो दुष्टांविरुद्ध लढाईत उतरणार, आणि दुष्ट नेस्तनाबूत व्हायला आले की त्यांच्याच बाजूला जाणार. असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीच्या कमिटीत असतो.

आमच्या टेबलावर मी डन्जन मास्टर, म्हणजे पाप-पुण्याचा निवाडा माझ्याकडे. एक मित्र पॅलाडिन खेळतो. धर्मयोद्धा, ‘लॉफुल गुड’. जुन्या नियमांप्रमाणे पॅलाडिननं जाणूनबुजून दुष्कृत्य केलं की त्याची दैवी शक्ती जाते. आमचा पॅलाडिन पोटापाण्यासाठी ऑडिटर आहे, त्यामुळे तो स्वतःपेक्षा इतरांच्या दुष्कृत्यांवर जास्त लक्ष ठेवतो. भाचा ‘केऑटिक न्यूट्रल’ चोर. त्यानं सरायवाल्याचं पाकीट मारलं, वर पॅलाडिनचा घोडाही परस्पर विकला.

“मामा, माझं कॅरॅक्टर असंच वागणार ना!”

या खेळातल्या निम्म्या भांडणांचं मूळ हे वाक्य आहे. स्वभाव सांगण्यासाठी ठेवलेला रकाना परवाना म्हणून दाखवला जातो.

मग गॉब्लिनची पोरं सापडली. आईबाप लढाईत खपलेले. आमच्याकडचं जुनं नियमपुस्तक म्हणतं, गॉब्लिन दुष्ट. मग पोरांचं काय करायचं? चर्चा इतकी लांबली की पोहे गार झाले. ऑडिटर म्हणाला, “तू काय ते लेखी दे, मी त्याप्रमाणे वागतो.” पोरांना सरायवाल्याकडे ठेवावं हे शेवटी चोरालाच सुचलं. भाडं पॅलाडिननं द्यायचं, असंही त्यालाच सुचलं.

दुसऱ्या खेळांनी यावर बरी डोकी चालवली आहेत. ग्रेग स्टॅफर्डच्या ‘पेंड्रॅगन’मध्ये (१९८५) गुणावगुणांच्या तेरा जोड्या असतात, प्रत्येक जोडीची बेरीज वीस. उदार सोळा तर स्वार्थी चार. जसं वागाल तसा आकडा सरकत जातो, आणि ऐन वेळी फाशानं साथ सोडली तर उदार सरदारही पैशाला चिकटून बसतो. ‘व्हँपायर : द मॅस्करेड’मध्ये (१९९१) माणुसकीलाच गुण आहेत, ते शून्यावर आले की पात्र तुमच्या हातून जातं. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’नं मात्र २०१४च्या आवृत्तीत नऊ खण ठेवले आणि त्यांचे दात जवळपास सगळे काढून घेतले. मला तेच पटतं. कुणाच्या पात्राची लेव्हल कापत बसण्यापेक्षा मी गावाला स्मरणशक्ती देतो.

गेल्या शनिवारी चोर पुन्हा त्याच सरायीत उतरायला गेला. दार अर्धवटच उघडलं.

“आता मी सुधारलोय,” भाचा म्हणाला.

“असेल,” सरायवाला म्हणाला. “घोडा कुठाय?”

पॅलाडिननं खिशातून यादी काढली.